हेल

गेल्या मे महिन्यात मालवणजवळच्या आमच्या घरी मी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत बसले होते. बाहेर पडवीत दोघींचं बोलणं चाललं होतं. एकीने काहीतरी विचारलं, आवाज शेवटाला वर चढवून. दुसरीने जरा थांबून उत्तर दिलं. त्यावर पहिलीने "असं होय!" म्हणताना निघतो तसा लांब, घसरत उतरणारा सूर काढला. मग दुसरी तावातावाने काही सांगू लागली, मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली. शब्द कानावर येत नव्हते, पण गजाली रंगल्या आहेत एवढं कळत होतं. कोण शेजारीण आली बघावं म्हणून हात पुसत बाहेर आले. शेजारीण नव्हती. खुर्चीत आजी होती आणि तिच्या पुढ्यात चटईवर माझी नऊ महिन्यांची भाची.

आजीला त्याआधी सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि हाताबरोबर शब्द गेले. आपण बोललेलं तिला बरंचसं कळतं, पण तिच्या तोंडून "तें... तें..." याच्या पलीकडे फारसं काही निघत नाही. भाचीला शब्द अजून फुटायचेच होते. एकीचे गेलेले, दुसरीचे यायचे. तरी दोघी बोलत होत्या, आणि भिंतीआडून ऐकणाऱ्या मला त्यात प्रश्न, उत्तर, नवल, तक्रार असं सगळं लख्ख ऐकू आलं होतं. शिवाय ते बोलणं मालवणीच होतं. घाटावरचं नाही, वऱ्हाडातलं नाही, आमच्या गावातलं. एकही शब्द नसताना ते मला कशावरून कळलं?

हेलावरून. मराठीत या गोष्टीला इतका नेमका शब्द आहे. बोलताना आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठलं अक्षर लांबतं, कुठे जोर येतो, या सगळ्याची मिळून होणारी ती चाल म्हणजे हेल. पण आपण हा शब्द बहुतेक वेळा नावं ठेवायला वापरतो. 'हेल काढून बोलते' म्हणजे गावंढळ बोलते. आठवीत मी पुण्याला आले तेव्हा वर्गात धडा वाचताना बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि 'तो हेल आधी काढून टाक' म्हणाल्या. मुली हसल्या. मी वर्षभरात तो काढून टाकला. दिवाळीच्या आधी आजीला फोन केला, तर पलीकडून तिने विचारलं, "कोण बोलता?" माझा आवाज तोच होता, शब्दही मालवणीच होते. चाल गेली होती, म्हणून तिची नात तिला ओळखू आली नाही. हे मला अजून टोचतं.

म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. हेल म्हणजे शब्दांवर चढवलेली नक्षी, बोलणं आधी आणि चाल नंतर, असं मला वाटायचं. वाचत गेले तसं उलटंच पटत गेलं.

बाळापासूनच बघा. पोटातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येत असतं, पण जे ऐकू येतं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. व्यंजनं बोथट होतात, शब्दांच्या कडा पुसल्या जातात. आईच्या आवाजाचे चढउतार आणि ठेका मात्र पोचतो. स्वयंपाकघरातून मला जे ऐकू आलं होतं, साधारण तेच. 2009 साली जर्मनीतल्या काथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मून जेमतेम दोन ते पाच दिवस झालेल्या साठ बाळांचं रडणं तपासलं. तीस फ्रेंच घरांतली, तीस जर्मन घरांतली. फ्रेंच बाळांच्या रडण्यात सूर खालून वर जाणारा जास्त, जर्मन बाळांच्या रडण्यात वरून खाली येणारा जास्त, आणि त्या त्या भाषेतल्या बोलण्याची चालही तशीच. म्हणजे पहिल्या टाहोतच हेल असतो. तो जीन्समधून आलेला नव्हे, कानाने उचललेला.

त्याच्याही आधी, 1984 साली, बेनेदिक्त द बुआसाँ-बार्दी यांनी आठ महिन्यांच्या बाळांच्या नुसत्या बडबडीची ध्वनिमुद्रणं फ्रेंच माणसांना ऐकवली. काही बाळं फ्रेंच, काही अरबी, काही कँटोनीज घरांतली. आपल्या भाषेचं बाळ कुठलं, हे ऐकणाऱ्यांना बऱ्याच वेळा बरोबर ओळखता आलं. पडवीतल्या त्या बाराखडीआधीच्या मालवणीने मला फसवलं होतं, असं मग मला वाटेना.

बाळाकडून मागे जायचं, माणूस बोलू लागला त्या काळापर्यंत, तर वाट अवघड आहे. हाडं उरतात, दगडी हत्यारं उरतात, आवाजाचा जीवाश्म होत नाही. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर इतक्या अटकळी बांधल्या गेल्या की पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने 1866 साली आपल्या नियमांतच लिहून टाकलं, भाषेच्या उगमावर कुठलाही निबंध स्वीकारला जाणार नाही. पाचच वर्षांनी, 1871 मध्ये, डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात त्या दाराला हात घातला. त्याचं म्हणणं असं, की आपले पूर्वज बोलण्याआधी गात असावेत, जोडीदाराला रिझवण्यासाठी. अर्थाचे शब्द त्या गाण्यातून पुढे निघाले असावेत. त्याने गिबनाचा दाखला दिला होता. शेपूट नसलेला, झाडाझाडांवरून झोके घेणारा हा वानर खरोखर गातो. आपल्याकडे आसामात हूलॉक गिबन आहे, भारतातला एकमेव. जोरहाटजवळच्या होल्लोंगापार अभयारण्यात नर-मादी सकाळी जोडीने गातात, एकाची तान संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते. मी त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत. चढत जाणारी ती हाक ऐकून अंगावर काटा येतो.

तरीही डार्विनचं हे उत्तर मला पुरं वाटत नाही. आपले सगळ्यांत जवळचे भाऊबंद चिंपांझी आणि बोनोबो. ते गात नाहीत. आणि नुसतं जोडीदारासाठी असतं, तर चाल वयात आल्यावर जागी झाली असती, बहुतेक पाखरांमध्ये होते तशी. आपल्यात ती पाळण्याच्याही आधी जागी असते. मला डीन फॉक यांनी 2004 साली मांडलेलं म्हणणं जास्त पटतं. वानरीचं पिल्लू आईच्या अंगावरच्या केसांना धरून लटकतं. माणसाचं मूल तसं लटकू शकत नाही. आपण दोन पायांवर उभे राहिलो, केस विरळ झाले, डोकं मोठं झालं आणि पोर जन्माला आलं ते अगदीच परावलंबी. कंदमुळं खणायची तर आईला ते खाली ठेवणं भाग. हात सुटला. मग हाताच्या जागी आवाज आला. 'मी इथेच आहे' हे सांगायला शब्दांची गरज नसते.

आमच्याकडे हे रोज बघायला मिळतं. बहीण अंगणात कपडे वाळत घालते, पोर पडवीत. ती न बघताच सूर सोडत राहते, "ओऽ, इलंय गोऽ, इलंय..." पोर त्या सुरावर टिकून राहतं. सूर तुटला की दोनच क्षणांत भोकाड.

मुलांशी बोलताना आपण सगळेच आवाज वर नेतो, लांबवतो, हेलकावे देतो. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी हे वेगवेगळ्या भाषांत मोजून पाहिलं. शाबासकीचा सूर उंच चढून मोठ्या कमानीने उतरतो: "अगोऽ बायऽ माझेऽ!" मनाईचा आखूड, खाली, तुटक: "अंहं! नाय!" लक्ष वेधायचा वर जाणारा: "बघ गोऽ?" आणि निजवायचा, समजूत घालायचा सूर खालचा, सपाट, हळूहळू विरत जाणारा. हेच चार आकार इंग्रजीत, जर्मनमध्ये, इटालियनमध्ये सापडले. पाच महिन्यांच्या अमेरिकी बाळांना अनोळखी जर्मन किंवा इटालियन शाबासकी ऐकवली तर ती हसत, मनाई ऐकवली तर हिरमुसत. जपानी ऐकवली तेव्हा मात्र हा फरक दिसला नाही; जपानी आयांच्या बोलण्यात चढउतार कमी असतात. मला ही जपानी फट फार मोलाची वाटते. मूळ आकार सगळ्यांचे सारखे, पण प्रत्येक समाज त्यांना आपल्या मापाने कमी-जास्त करतो. 2022 साली एका मोठ्या अभ्यासात जगातल्या 21 समाजांतली सोळाशेहून जास्त ध्वनिमुद्रणं तपासली गेली. मुलांशी बोलणं आणि मुलांना गाणं हे मोठ्यांशी बोलण्या-गाण्याहून वेगळं असतं, आणि कुठलं मुलासाठी हे परकी भाषा ऐकणाऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखता येतं, असं त्यात दिसलं.

काही सूर तर आपल्याहूनही जुने असावेत. कुत्रं गुरगुरतं तेव्हा आवाज खाली, कुंईकुंई करतं तेव्हा वर. मोठ्या देहाचा आवाज जाड, लहानाचा बारीक, म्हणून धमकी खाली जाते आणि विनवणी वर. जॉन ओहाला या भाषाशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात यावरून असं सुचवलं, की प्रश्नाचा सूर इतक्या भाषांमध्ये वर का जातो याचं मूळही इथेच असेल. प्रश्न विचारणारा क्षणभर लहान होतो, त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. 'तू येणार.' आणि 'तू येणार?' यांत मराठीत शब्द एकच, फरक सगळा गळ्यात. आणि वाक्याच्या शेवटी सूर आपसूक उतरतो त्याच्या मुळाशी तर साधा श्वास आहे. छातीतली हवा सरत आली की दाब कमी होतो.

ठेक्याचं मूळ आणखी वेगळ्या जागी निघतं. पीटर मॅकनीलेज यांनी 1998 साली मांडलं, की अक्षर म्हणजे मुळात जबड्याची एक उघडझाप. बाळ 'बाबाबा', 'ममम' करतं तेव्हा ते शब्द घडवत नसतं, जबडा तालात हलवत असतं. ही उघडझाप चघळण्यातून आली, आणि मधला टप्पा म्हणजे माकडं एकमेकांशी सलगी करताना ओठ पुटपुटवतात तो. ते पुटपुटणं मोजलं तर सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा होतं. माणसाच्या कुठल्याही भाषेतली अक्षरं मोजा, सेकंदाला दोन ते आठ यांच्यातच पडतात. बहुतेक माकडांचं हे पुटपुटणं मुकं असतं. इथिओपियाच्या पठारावरची जेलाडा नावाची माकडं मात्र त्यात आवाज मिसळतात. 2013 साली थोर बर्गमन यांनी ते मोजून दाखवलं. त्यांच्या कळपात बसलं की पाठीमागे माणसं बोलताहेत असा भास होतो, असं ते म्हणतात. मला लगेच आमची पडवी आठवली.

ठेका जबड्याचा, सूर गळ्याचा, पण गळ्यावर मनाप्रमाणे हुकूम चालवणं वेगळंच. 2022 मध्ये ताकेशी निशिमुरा यांच्या गटाने चाळीसहून अधिक जातींच्या माकड-वानरांचे गळे तपासले. सगळ्यांच्या स्वरतंतूंच्या कडेला एक पातळ पडदी होती, माणसाच्या नव्हती. ती पडदी असली की आवाज मोठा, कर्कश, अचानक फुटणारा होतो. ती गेली म्हणून आपला आवाज स्थिर राहतो, एका सुरावर तोलता येतो. काहीतरी मिळवल्याने नाही, गमावल्याने आपल्याला हा गोड गळा मिळाला. त्याच्या जोडीला मेंदूतून गळ्याच्या स्नायूंकडे थेट जाणारी एक वाट आपल्यात आहे, ती माकडांत नाही. माकडाचा आवाज भीती, राग, भूक यांच्या हातात असतो. आपण राग नसताना रागाचा सूर काढू शकतो, आणि रडू येत असताना फोनवर "काही नाही, सर्दी झालीय" म्हणू शकतो.

नॉर्वेमधली एक गोष्ट मला या सगळ्यात विसरता येत नाही. 1941 साली ऑस्लोवर झालेल्या हवाई हल्ल्यात एका तरुण बाईच्या डोक्याला डाव्या बाजूने बॉम्बचा तुकडा लागला. ती वाचली, हळूहळू बोलू लागली, शब्दही परत आले. हेल परत आला नाही. तिच्या नॉर्वेजियन बोलण्याची चाल अशी काही बदलली की ऐकणाऱ्याला ती जर्मन वाटे. देशावर तेव्हा जर्मनांचा ताबा होता. जन्मात कधी नॉर्वे न सोडलेल्या त्या बाईला दुकानदार सामान देईनात. मॉनराड-क्रोन या डॉक्टरांनी 1947 मध्ये तिच्यावर लिहिलं, आणि त्यात नोंदवलं की तिला गाता मात्र नीट येत होतं. म्हणजे सुराची जाण शाबूत होती. गेली होती ती आपल्या माणसांची बोलण्याची चाल. तेवढ्याने ती आपल्याच गल्लीत शत्रू ठरली. मला तो फोन आठवतो. कोण बोलता?

कळपाची खूण म्हणून आवाजाची चाल पाखरांतही चालते. कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांची गाणी खाडीच्या या काठाला एक, त्या काठाला वेगळी, आणि पिल्लं ती ऐकूनच शिकतात. आपला हेल हे दोन्ही करतो. आधी आई आणि मूल यांना बांधतो, मग गावाला.

आपल्या परंपरेने तर सुराला अर्थाच्याही वर बसवलं होतं. पाणिनीने उदात्त, अनुदात्त, स्वरित, म्हणजे वरचा, खालचा आणि दोन्ही मिळून होणारा सूर, यांच्या व्याख्या तीन छोट्या सूत्रांत बांधल्या. पतंजलीच्या महाभाष्यात इंद्रशत्रूची गोष्ट येते. 'इंद्राला मारणारा' असा मुलगा मागताना त्या एका शब्दाचा सूर चुकला, आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणार तो'. तसंच घडलं. मराठीत शब्दाशब्दावरचा तो सूर राहिला नाही. वाक्याचा राहिला, आणि तो किती समृद्ध आहे ते एक 'हो' किती परींनी म्हणता येतो यावरून बघावं. होकाराचा, कंटाळ्याचा, संशयाचा, धमकीचा, फोनवर नुसतं ऐकतेय म्हणून सांगण्याचा.

आणि बोलणं आणि गाणं यांच्या अगदी मधल्या बांधावर आपल्याकडे जात्यावरची ओवी आहे. तिला धड गाणं म्हणता येत नाही, धड बोलणंही नाही. बाई आपल्या भावाला, लेकीला, विठ्ठलाला काहीतरी सांगत असते, बोलल्यासारखी, आणि जात्याचा फेरा त्याला ओढून लयीत बसवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही ऐकताना मला दर वेळी वाटतं, माणूस बोलायला लागला तेव्हा साधारण हे असं ऐकू आलं असेल. शब्द नुकतेच बसू लागलेत, चाल मात्र पुरती तयार.

आजीलाही ओव्या येत. जातं कधीच मोडीत गेलं, पण धुणं धुताना ती म्हणायची. झटक्यानंतर जूनमध्ये एका दुपारी बहीण पोरीला निजवताना त्यातली एक गुणगुणत होती आणि पुढची ओळ विसरली. खुर्चीतून आजीने ती म्हटली. पूर्ण. एकही शब्द न अडखळता. बहिणीने मला लगेच फोन केला. ती रडत होती.

हे फार जुनं कोडं आहे. 1745 साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन याने अशाच एका माणसाबद्दल लिहून ठेवलं होतं. झटक्यानंतर तो 'हो'पलीकडे बोलू शकत नव्हता, पण चर्चमधली भजनं शब्दांसकट म्हणे. 1861 मध्ये पॉल ब्रोकाने पॅरिसमधल्या ज्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात, बोलणं हिरावणारी इजा दाखवली, त्याला जवळजवळ एकच उच्चार येई: 'तान'. मराठी कानाला हा शब्द वेगळाच लागतो. सुराचं बरंचसं काम मेंदूचा उजवा भागही करतो, म्हणून डावीकडे इजा झाली तरी चाल वाचू शकते. याच धाग्यावरून बोस्टनमध्ये 1973 साली एक उपचार निघाला. रोजच्या गरजेची वाक्यं दोनच सुरांत बसवायची, एक वरचा, एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा. उदात्त आणि अनुदात्तच की.

कुडाळला ज्या स्पीच थेरपिस्ट येतात त्यांना बहिणीने ओवीचं सांगितलं. त्यांनी आजीचा डावा हात हातात घेऊन तिच्या मांडीवर टिचक्या दिल्या आणि पुण्याच्या चालीत 'पा-णी दे' म्हणून दाखवलं. आजी गप्प. मग बहिणीने तेच आमच्या चालीत म्हटलं. आजीचे ओठ हलले. दोन महिने रोज तेच केलं. काही दिवस काहीच होत नसे, ती चिडून हात ओढून घेई आणि संध्याकाळभर भिंतीकडे बघत बसे. बरी झाली असं मी म्हणणार नाही. सात-आठ वाक्यं आली आहेत, आणि ती अशीच येतात, ठेक्यावर.

गणपतीला गेले तेव्हा मी पडवीच्या पायरीवर बसून होते. चार वाजले. आजीने डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला, एकदा नुसताच, मग पुन्हा. "च्या... दी... गोऽऽ." 'गो' लांबला, वर गेला आणि शेवटी आमच्या गावात वळतो तसा वळला. भाची आता सरकत सरकत खुर्चीपर्यंत येते. तिने आजीच्या गुडघ्यावर एक चापट मारली, आणि तोच सूर, त्याच वळणासकट, परत केला. "ओऽऽ."